पाठ केलेली उत्तरं

पवईच्या मागचा डोंगर खाणवाल्यांनी एका बाजूने पार कुरतडून टाकला होता. त्या खाणीच्या तळाशी, चार काठ्यांवर ताणलेल्या ताडपत्रीखाली, इतर बायकांबरोबर तीन पोटुशा बायकाही खडी फोडत बसायच्या. चैत्र संपत आला होता. गिरण्यांचा संप होऊन वर्ष उलटून गेलं होतं. पाण्याचा टँकर एक दिवसाआड येत होता. पावसाळ्यात खाणीत पाणी भरलं की काम बंद, म्हणून त्याच्या आत खंडू मुकादमाला खडीचे ढीग पुरे करून हवे होते. दिवस भरत आले म्हणून कुणाच्या हातोडीला सुट्टी नव्हती.

तिघींत मीरा जाणती. तिची ही तिसरी खेप. आधीच्या दोन्ही वेळा ती खाणीपासून कोसभरावरच्या सूतिकागृहात बाळंत झाली होती. तिथली आया कुठल्या गावची, कुठल्या खाटेची पट्टी तुटलेली, मोरीतल्या नळाला पाणी कधी येतं, सगळं तिला ठाऊक होतं. तिचा नवरा भीमराज म्हणायचा, हिला तिथंच नोकरीला लावायला पाहिजे, फुकट दगड फोडत बसलीय. मीराला हे ऐकायला आवडायचं. खाणीवर बाईला मान मिळावा अशी दुसरी गोष्टच नव्हती, तेव्हा एवढा मान तिने जपून ठेवला होता आणि तो मिरवायलाही ती कमी करत नव्हती.

दुसरी शकु. बीडकडची, मीराच्याच मुलखातली, जयभीमवाली. अंगाने काडी, पण हात असा चलाख की टायरच्या कड्यात धरलेला दगड तीन घावांत मोकळा. तिला आठवा लागला होता. पोट पुढं आलं तशी ती पाय फाकवून बसायची आणि हातोडी बाजूने मारायची, कारण समोरून मारली तर कोपर पोटाला लागायचं. तिसरी रत्नप्रभा, मालवणकडची, पहिलटकरीण. तिचा नवरा दत्ताराम गिरणीत होता. संपात पगार गेला, मग भाड्याची खोली गेली, आणि दोघं इथं खाणीवर आली. रत्नप्रभाच्या तळहातांवरचे फोड अजून ओले होते. चिंध्या बांधून ती हातोडी धरायची आणि घाव दगडाऐवजी बोटावर बसला तरी आवाज काढायची नाही.

खाणीवर खोपट मिळायचं ते जोडीला. नवऱ्याने दोराला लोंबकळून सुरुंगाची भोकं पाडायची, दगड काढायचा आणि बायकोने खडी फोडायची, अशी जोडी असेल तर खोपट. जोडी मोडली की खोपट दुसऱ्या जोडीला. बाळंतपणाचा सव्वा महिना खंडू मुकादम चालवून घ्यायचा आणि म्हणायचा, मी काय राक्षस आहे का? पण त्याच्या पुढं एक दिवस गेला की तो राक्षसच होता.

गेल्या साली प्रेमा नावाच्या बाईने सूतिकागृहात खरं सांगून टाकलं, की मागच्या वेळी मला झटके आले होते. डॉक्टरीणबाईने तिला तशीच शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात धाडली आणि त्यांनी बाळंत होईपर्यंत तिथंच ठेवून घेतली. प्रेमा परत आली तेव्हा तिच्या खोपटात दुसऱ्याच बाईची चूल पेटलेली होती. आता ती नाहूरला रुळांच्या कडेला राहते असं लोक सांगायचे. प्रेमा जगली, तिचं मूल जगलं, हे मात्र त्या गोष्टीत कुणी धरतच नव्हतं.

तेव्हापासून खाणीवरच्या बायकांनी उत्तरं ठरवून टाकली होती आणि ती शिकवायचं काम मीराकडे आलं होतं. पाय सुजतात का? नाही. डोकं दुखतं का? नाही. आधीच्या वेळी काही त्रास? नाही, सगळं सरळ झालं. एवढं म्हणायचं आणि खाली बघायचं. जास्त बोललं की डॉक्टर जास्त विचारतात. खडी फोडता फोडता मीरा प्रश्न टाकायची आणि बाकीच्या उत्तर द्यायच्या. कुणी चुकली की हसू व्हायचं. शाळेचं तोंड न बघितलेल्या बायका एवढ्या एका परीक्षेत मात्र पहिल्या यायच्या.

रत्नप्रभा सातवी शिकलेली. तिला हे पटलं नाही. एकदा ती म्हणाली, "खोटा कशाक सांगूचा गो? डॉक्टर काय आपलो दुश्मन आसा?"

मीराने तिच्याकडे न बघता सांगितलं, की तू अजून कोरी आहेस, तुला लपवायला काही नाही म्हणून तुला खरं बोलणं सोपं जातं. रत्नप्रभाने मान खाली घातली. मीराला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

सूतिकागृहात नाव घालायला मीरा शकुला घेऊन जाणार होती, त्याच्या आदल्या दिवशी दुपारी सुरुंग उडायचा भोंगा झाला. सगळे उठून आडोशाला गेले. मीरा आणि शकु सावकाश चालणाऱ्या म्हणून मागे राहिल्या आणि एका मोठ्या धोंड्याच्या आड बसल्या. सुरुंग उडाले, वरून बारीक खडे पडले, आणि धूळ खाली बसेपर्यंत शकुने डोक्यावरचा पदर तसाच ठेवून बोलायला सुरुवात केली. गावाकडे ठेवलेल्या पहिल्या लेकीच्या वेळी तिच्या अंगावरून रक्त जास्त गेलं होतं. पण अनंताच्या वेळी, आताचं हे तीन वर्षांचं पोर, त्याच्या वेळी वार पडली आणि त्यामागोमाग रक्त सुरू झालं ते थांबेचना. सुईणीने पोटावर गुडघा दिला. खाटेखाली राख टाकली, ती भिजली, परत टाकली, परत भिजली. तिला कुणाचे आवाज ऐकू येईनात. मग आपोआप थांबलं. दोन महिने ती भिंत धरून चालत होती.

"बाई, हे सांगू का तिथं?" शकुने विचारलं.

मीराला आतून काही तरी टोचलं. पण प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं, एवढी तिला सवय झाली होती.

"गावात काय हुतं? सुईण नि राख," ती म्हणाली. "हितं डॉक्टर हाय, सुया हायत्या. झालं कायबी तरी बघत्याल. आन् सांगितलंस तर उद्याच तुला शहरात धाडत्याल. अनंताला कोण बघणार? खोपट कोण बघणार?"

शकुने मान हलवली. तिला हेच ऐकायचं होतं, असं मीराला त्या वेळी वाटलं.

सूतिकागृहात दोघी भल्या सकाळी जाऊन ओळीत बसल्या. आयाने आल्या आल्या त्यांच्या पायांकडे बघितलं आणि सगळ्यांसमोर ओरडली, फरशी तुमच्या बापाने पुसलीय का? दोघींच्या पायांवर दगडाची पांढरी भुकटी बसलेली होती, ती धुतली तरी भेगांतून जात नसे. मोरीवर जाऊन त्यांनी परत पाय घासले आणि ओले पाय घेऊन ओळीच्या शेवटाला उभ्या राहिल्या. पहिली जागा गेली. ओळीतल्या चांगल्या घरच्या बायका जरा सरकून बसल्या.

डॉक्टरीणबाई तरुण होती, आवाज हळू. तिने शकुच्या डोळ्यांची पापणी खाली ओढून बघितली, नखं बघितली आणि म्हणाली, रक्त फार कमी आहे बाई, आधी कधी जास्त गेलंय का अंगावरून? शकु म्हणाली, न्हाई, सगळं सरळ झालं. डॉक्टरणीने परत विचारलं, नीट आठवून सांग. शकुने दाराशी उभ्या असलेल्या मीराकडे एकदा बघितलं आणि पुन्हा तेच म्हणाली. डॉक्टरणीने लाल गोळ्यांची पुडी दिली, रोज घ्यायला सांगितलं आणि पुढच्या बाईला बोलावलं.

येताना दोघी खुशीत होत्या. शकुने डॉक्टरणीची नक्कल केली, ओठांत बोलून दाखवलं, आणि दोघी पोटं धरून रस्त्याच्या कडेला हसत उभ्या राहिल्या. गड जिंकल्यासारखंच वाटत होतं.

पुढचे दिवस तयारीचे गेले. मीराने शकुला जुनी लुगडी फाडून बाळुती करायला लावली. टँकर आला त्या दिवशी प्यायच्या पाण्यातलं थोडं काढून ती उकळली आणि तारेवर वाळत घातली. मीरा सांगायची, तिथं एका खाटेवर दोन-दोन बायका असतात, तेव्हा भिंतीकडची बाजू धरायची. कळा येताना ओरडलं की नर्सबाई मांडीवर चापट मारते, तेव्हा पदर तोंडात धरायचा. जेवणाचं ताट आपलं न्यायचं, नाही तर भात हातावर घ्यावा लागतो. रत्नप्रभाने तिच्या लग्नातल्या साडीचा काठ लावून एक छोटं टोपडं शिवलं आणि शकुला दिलं. स्वतःच्या बाळासाठी आधी शिवू नये म्हणतात, म्हणून दुसरीच्यासाठी शिवलं असं म्हणाली. शकुने ते अनंताच्या डोक्यावर घालून बघितलं, ते त्याच्या एका कानावरच राहिलं, आणि सगळ्या हसल्या. गोळ्या मात्र शकुला सोसत नव्हत्या. खाल्ल्या की ओकारी यायची, आणि ओकारी आली की खडी कमी फुटायची. निम्मी पुडी तशीच राहिली.

वैशाखात एका सकाळी, ऊन चढायच्या आधी, शकुच्या हातातली हातोडी थांबली. तिने टायरचं कडं बाजूला ठेवलं, दोन्ही हात मागे टेकले आणि मीराकडे बघून म्हणाली की लुगडं भिजलं. मीराने अनंताला रत्नप्रभाच्या हवाली केलं, गाठोडं उचललं आणि मरोळकडे खडी घेऊन निघालेला ट्रक थांबवला. कुंडलिक, शकुचा नवरा, तेव्हा वर कड्याला दोरावर लोंबकळत भोक पाडत होता. त्याला खालून हाका मारल्या तरी घणाच्या आवाजात ऐकू गेलं नाही. ट्रकच्या केबिनमध्ये शकु दोन्ही हातांनी दांडी धरून बसली. खड्डा आला की डोळे मिटायची.

सूतिकागृहात तिला टेबलावर घेतानाच नर्सबाईने भरभर विचारायला सुरुवात केली. नाव काय, कितवी खेप, मागच्या वेळी काही त्रास? शकुला कळ आलेली होती, तिने तोंडात पदर धरला होता. तिने नुसतं मीराकडे बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते मीराला पुढे जन्मभर ठरवता आलं नाही. सांग असं होतं, की सांगू नको असं होतं? पण त्या क्षणी तिचं तोंड आपोआप उघडलं.

"न्हाई बाई, सगळं सरळ झालं."

दार लागलं. मीरा बाहेरच्या बाकावर बसली. तिच्याही पोटात पोर लाथा मारत होतं, तिने त्यावर हात ठेवला. फार वेळ गेला नाही. आतून रडण्याचा आवाज आला, चांगला खणखणीत, आणि आया बाहेर येऊन म्हणाली, मुलगी झाली, चहाला सांगा. मीरा हसली. तिने मनातल्या मनात शकुला शाबासकी दिली आणि स्वतःलाही दिली.

मग आया परत आत गेली ती धावत बाहेर आली. डॉक्टरणीला बोलावलं. कुणी तरी बर्फ आणायला पळालं. दार उघडमीट होत राहिलं, आणि एकदा ते उघडं असताना मीराला टेबलाखालची बादली दिसली. डॉक्टरीणबाई बाहेर आली. तिचे हात कोपरापर्यंत लाल होते. तिने विचारलं, "हिला आधी असं झालं होतं का? खरं सांगा."

मीराने सांगितलं. सगळं सांगितलं, लेकीचं, अनंताचं, गुडघा, राख. बोलताना ती उभी राहिली होती आणि दोन्ही हात जोडले होते, ते तिच्या लक्षातही नव्हतं.

डॉक्टरीण ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "इथं रक्ताची बाटली नसते हो. अगदी काल जरी सांगितलं असतं, तरी मी तिला रक्त मिळतं तिथं पाठवली असती." आणि परत आत गेली.

कुंडलिक पोचला तेव्हा शकुला मोठ्या हॉस्पिटलात न्यायला गाडीत घालत होते. अंगावर दगडाची भुकटी, तसाच तो तिच्या पायाशी चढून बसला. मीरा लेकराला घेऊन दारात उभी राहिली. शकुचा चेहरा चुन्यासारखा झाला होता, ओठ हलत होते. गाडी शहराकडे गेली आणि दुपारी परत आली. अर्ध्या वाटेतच शकु गेली होती.

तिचं सगळं झाल्यावर तिसऱ्या दिवशी खाणीवरचे पुरुष पिंपळाखाली जमले. कुणी हातोडी उचलली नव्हती. चांगली धडधाकट बाई गेली आणि मढं परत आलं, म्हणून सगळे तापले होते. ट्रक ठरवला होता. दत्ताराम संपात मोर्चे काढून तयार झालेला, तो म्हणत होता की डॉक्टरणीला बाहेर ओढू, गरिबाच्या बाईला त्यांनी मारली. भीमराजही त्यातच. कुंडलिक मधे उकिडवा बसला होता. त्याला कुणी तरी विचारलं, तुझ्या बायकोने तिथं काही सांगितलं नव्हतं का? तो म्हणाला, "तिनं इचारलं तेवढं सांगितलं. मीरा हुती संगं."

सगळे मीराकडे बघायला लागले. ती बायकांच्या घोळक्यात शकुच्या लेकीला कापसाच्या बोळ्याने दूध पाजत होती. गप्प बसली असती तरी चाललं असतं. ट्रक निघाला असता, काचा फुटल्या असत्या, त्या हळू आवाजाच्या बाईला मार बसला असता आणि मीराचा मान खाणीवर होता तसाच राहिला असता. हे सगळं तिला त्या तेवढ्या वेळात स्पष्ट दिसलं. ती उठली.

"तिला सांगायचं हुतं. म्या सांगू दिलं न्हाई," ती म्हणाली. "शेवटाला बी माझ्याच तोंडानं खोटं सांगितलं. डाक्टरणीला हात लावू नका."

भीमराज पुढं आला आणि त्याने तिचा दंड धरला. गप घरी चल, म्हणाला. पण ती हलली नाही, कुंडलिककडे बघत राहिली. तो आता उठेल आणि मारेल, असं तिला वाटत होतं. त्याने मारावं असंही तिला वाटत होतं.

कुंडलिक जमिनीकडे बघूनच बोलला. "म्या बी तेच सांगून धाडलं हुतं तिला. मला काय ठावं नव्हतं व्हय? दोनदा मरताना बघितली हुती. म्हनलं, तिसऱ्यांदाबी वाचंल."

ट्रकवाल्याने वाट बघून इंजिन बंद केलं. हळूहळू एकेक जण उठला. दुपारच्या आत वरून घणाचे आवाज यायला लागले. खंडू मुकादम कुंडलिकपाशी येऊन उभा राहिला, दुःखाचे चार शब्द बोलला, आणि जाता जाता विचारून गेला की गावाकडं बहीण-बिहीण आहे का जोडीला, नसेल तर पावसाआधी बघावं लागेल.

दुसऱ्या दिवशी बायकांनी ताडपत्रीखालची मीराची पाटी बाहेर उन्हात ठेवलेली होती. पाणी भरताना दोघी-तिघींनी तोंडावर सुनावलं, आणि ते शकुबद्दल नव्हतंच. ती तर गेली, त्या म्हणाल्या, पण तू तिथं डॉक्टरणीसमोर आणि इथं पुरुषांसमोर सगळं ओकून टाकलंस. आता खाणीवरची बाई म्हटली की ते विश्वास ठेवणार नाहीत, एकजात सगळ्यांना शहरात धाडतील. आमच्या खोपटांचं काय? त्यांना हे शिकवलं मीरानेच होतं.

ती उन्हात बसून खडी फोडायला लागली. शकुची लेक लुगड्याच्या झोळीत निजली होती. थोड्या वेळाने रत्नप्रभा आपलं ओझं सावरत तिच्याजवळ येऊन टेकली. बाकीच्या बघत होत्या तरी आली. तिने पाय पुढं केले आणि लुगडं जरा वर घेतलं. घोटे दिसत नव्हते, नडगीवर बोट दाबलं तर खळगा तसाच राहत होता.

"परवापासून डोक्यात घण मारतासा वाटता," ती म्हणाली. "डोळ्यापुढे अंधार येता."

मीराने हातोडी टाकली. तिने रत्नप्रभाचे दोन्ही हात धरले, चिंध्यांसकट. आत्ता चल म्हणाली, मी येते संगं, सगळं सांगू, जसंच्या तसं सांगू. झटके यायच्या आधी प्रेमाला असंच झालं होतं, ती शहरात गेली म्हणून जगली, हे ती पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होती.

रत्नप्रभाने हात सोडवून घेतले. रागाने नाही, सावकाश.

"गिरण गेली, खोली गेली," ती म्हणाली. "आता ह्या खोपटा गेला तर तू देतलंस गो ऱ्हवाक? मी काय सांगूचंय नाय. तुका ठावक आसा म्हणान तुकाच सांगलंय. तू पण खय बोलू नको."

तिने लुगडं खाली ओढून पाय झाकले आणि उठून ताडपत्रीखाली आपल्या जागी गेली. एका बाईने सरकून तिला जागा करून दिली. झोळीतलं पोर उठून रडायला लागलं, तसं मीराने ते उचलून छातीशी धरलं आणि खाणीच्या तळाशी तशीच उभी राहून ती कुणाकुणाच्या तोंडाकडे बघत राहिली. एकीनेही वर बघितलं नाही. सगळ्यांच्या हातोड्या चालू होत्या.